बर्नुली नावाचे गणिती नेमके किती, आणि कोणाचं काय?

निळी शाई:

नमस्कार मंडळी,

एक प्रश्न आठवडाभर डोक्यात घोळतोय. मुलगी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी वाणिज्य शाखेची, त्यामुळे तिच्या अभ्यासाला माझा हातभार एवढाच: परीक्षेआधी ती सूत्रं मोठ्यानं म्हणते आणि मी वही धरून तपासते. या वेळी तिच्या चार वेगवेगळ्या विषयांच्या वह्यांत एकच आडनाव भेटलं. द्रवांच्या विषयात बर्नुलीचं समीकरण. गणितात पुन्हा बर्नुलीचं समीकरण, पण ते अगदी निराळं, त्यात दाब नाही की वेग नाही. संभाव्यतेच्या प्रकरणात बर्नुली चाचणी. आणि तुळई किती वाकते त्या धड्यात ऑयलर-बर्नुली.

मुलीला विचारलं, "हा एकच माणूस का गं?" ती म्हणाली, "आई, ते परीक्षेत विचारत नाहीत." पण मला चैन पडेना. शोधायला बसले तर गुंता वाढतच गेला. याकोब, जाक, जेम्स. योहान, जाँ, जॉन. डॅनिएल. निकोलाउस तर मोजता मोजता चुकले. एकाच माणसाचं जन्मसाल एकीकडे १६५४, दुसरीकडे १६५५.

हे सगळे एका घरातले, की नुसते आडनावबंधू? आणि कोणती गोष्ट कोणाची? कोणी नीट उलगडून सांगेल का?

अर्धवर्तुळ:

द्रवांचं समीकरण डॅनिएल बर्नुलीच्या नावावर आहे, एवढं खात्रीनं सांगतो. 'हायड्रोडायनामिका' हे त्याचं पुस्तक १७३८ साली स्ट्रासबुर्गला छापलं गेलं. मात्र आपण आज शिकतो तसं आटोपशीर समीकरण त्या पुस्तकात सापडत नाही. त्याला ते रूप नंतर ऑयलर या गणितीनं दिलं. डॅनिएलनं दाखवली ती मूळ गोष्ट: नळीतून द्रव वेगानं वाहतो तिथे नळीच्या भिंतीवरचा दाब कमी होतो.

बाकीच्या बर्नुलींबद्दल माझाही तुमच्यासारखाच घोळ आहे. सूचीकार ताई इथे येतात, त्यांनी वाचलं तर त्याच सांगतील.

सूचीकार:

निळी शाई, तुमचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवलं.

मी गेली बावीस वर्षं पुस्तकांच्या सूची करते. पुस्तकाच्या शेवटी नावं आणि त्यापुढे पृष्ठांक असतात ना, ते माझं काम. या कामात माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक नेमकी याच घराण्याबाबत झाली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

विज्ञानाच्या इतिहासावरचा एक जाडजूड संदर्भग्रंथ होता. पानांची प्रूफं हातात आली तेव्हा वेळ थोडा होता. मी 'बर्नुली, योहान' अशी एकच नोंद केली आणि तिच्यापुढे ओळीनं अकरा पृष्ठांक लिहिले. पुस्तक छापून आलं. दोन महिन्यांनी प्रकाशकाकडून एका वाचकाचं पोस्टकार्ड माझ्याकडे आलं. बारीक, सुवाच्य अक्षर. लिहिलं होतं की तुमच्या सूचीप्रमाणे १७४८ साली वारलेल्या गृहस्थांनी १७८५ साली बर्लिनमध्ये हिंदुस्थानच्या वर्णनाचा ग्रंथ प्रकाशित करायला घेतला आहे, तरी पुढच्या आवृत्तीत लक्ष घालावं.

ते कार्ड वाचून मला फार वाईट वाटलं. योहान तीन होते: आजोबा, मुलगा आणि नातू. आजोबा १६६७ ते १७४८, मुलगा १७१० ते १७९०, नातू १७४४ ते १८०७. बर्लिनच्या वेधशाळेत होता तो नातू, आणि टीफेनथालर या जेझुइट पाद्र्यानं लिहिलेलं हिंदुस्थानचं वर्णन त्यानंच जर्मनमध्ये प्रकाशित केलं. मी तीन माणसांना एका ओळीत कोंबलं होतं. त्यानंतर महिनाभर रोज रात्री मी या घराण्याचीच कार्डं करत बसले. ती अजून माझ्याकडे आहेत. त्यातूनच सांगते.

आधी तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. हो, सगळे एकाच घरातले. स्वित्झर्लंडमधलं बाझेल हे त्यांचं गाव. मूळ घराणं अँटवर्पचं, तिथल्या स्पॅनिश राजवटीत प्रॉटेस्टंटांचा छळ सुरू झाला तेव्हा बाहेर पडलेलं. बाझेलमधला व्यवसाय मसाल्यांचा. दुकान सांभाळणाऱ्या वडिलांचं नाव निकोलाउस. त्यांना मुलगे झाले, त्यांतला थोरला याकोब, मधला निकोलाउस आणि धाकटा योहान. याकोबला वडिलांनी धर्मशास्त्राला घातलं, योहानला आधी व्यापारात आणि मग वैद्यकीला. मधला निकोलाउस चित्रकार झाला. याकोब आणि योहान दोघंही चोरून गणिताकडे वळले. याकोबनं स्वतःसाठी एक लॅटिन बोधवाक्य घेतलं होतं, त्याचा अर्थ असा: वडिलांच्या मनाविरुद्ध मी ताऱ्यांचा अभ्यास करतो.

या भावांपासून धरून तीन पिढ्यांत मिळून गणितात नाव काढलेले आठ जण धरतात. दोन याकोब, तीन योहान, दोन निकोलाउस आणि एक डॅनिएल. बाझेल विद्यापीठातली गणिताची प्राध्यापकी १६८७ साली याकोबकडे आली, १७०५ साली योहानकडे गेली, १७४८ साली योहानच्या योहान नावाच्याच मुलाकडे. तो १७९० साली वारला. शंभरावर वर्षं एका खुर्चीवर एकच आडनाव. गोंधळ होईल नाही तर काय.

त्यात भाषेची भर. याकोब जर्मनमध्ये याकोब, फ्रेंच लेखकाच्या हाती जाक, इंग्रज लेखकाच्या हाती जेम्स. योहानचं जाँ आणि जॉन होतं. म्हणजे तुम्ही जी सहा नावं लिहिलीत त्यात माणसं दोनच आहेत. सूचीत आम्ही अशा वेळी 'जेम्स बर्नुली, पाहा: बर्नुली, याकोब' असं लिहितो. जन्मसालाचं कोडंही सोपं आहे. बाझेल त्या काळी जुनं जुलियन कॅलेंडर पाळत होतं. त्याप्रमाणे याकोबचा जन्म २७ डिसेंबर १६५४, आणि नव्या ग्रेगरियन कॅलेंडरप्रमाणे तोच दिवस ६ जानेवारी १६५५. दोन्ही सालं बरोबर आहेत.

आता कोणाचं काय.

तुमच्या मुलीच्या संभाव्यतेच्या वहीतला बर्नुली हा थोरला भाऊ याकोब. मला सगळ्यात जवळचा वाटतो तो हाच. त्याचं मोठं पुस्तक 'आर्स कॉन्येक्टांडी', म्हणजे अंदाज बांधण्याची कला. ते त्याच्या हयातीत पुरं झालं नाही. १७०५ साली तो वारला आणि पुस्तक १७१३ साली निघालं. त्यात एक घडा आहे. त्यात ३,००० पांढरे खडे आणि २,००० काळे, पण बाहेरच्या माणसाला हे प्रमाण माहीत नाही. त्यानं एक खडा काढायचा, रंग लिहायचा, खडा परत टाकायचा. असं किती वेळा केलं म्हणजे आतलं तीनास दोन हे प्रमाण कळलं असं म्हणता येईल? प्रत्येक काढणी ही एक बर्नुली चाचणी: उत्तर दोनच, पांढरा किंवा काळा. वेळा वाढवत गेलं की आपल्या वहीतलं प्रमाण घड्यातल्या प्रमाणाच्या हवं तितकं जवळ येतं, हे सगळ्यांना मनातून वाटत होतंच. याकोबनं ते सिद्ध केलं. वर आकडाही काढला. पन्नासातले एकोणतीस ते एकतीस पांढरे एवढीच चूक चालवून घ्यायची, आणि खरं ठरण्याची शक्यता चुकण्याच्या हजारपट हवी, तर खडा २५,५५० वेळा काढावा लागेल. आजच्या पद्धतींनी याहून पुष्कळ कमी वेळांत भागतं. पण 'अनुभवानं कळतं' या वाक्याला त्या आधी कोणी असा आकडा लावून दाखवला नव्हता. तो आकडा मी कार्डाच्या डोक्यावर लाल पेन्सिलीनं लिहून ठेवलाय.

त्याच पुस्तकात बर्नुली संख्या येतात. एकपासून हव्या त्या अंकापर्यंतच्या सगळ्या अंकांच्या घातांची बेरीज पटकन कशी काढायची, याचं त्यानं कोष्टक केलं. आणि मग लिहिलं की एक ते हजार या सगळ्या अंकांच्या दहाव्या घातांची बेरीज मी पाव तासाच्या निम्म्या वेळात काढली. उत्तरही दिलं: ९१४०९९२४२४१४२४२४३४२४२४१९२४२४२५००. बत्तीस आकडी. साडेसात मिनिटांत, टाकानं, कागदावर. प्रूफावर ही संख्या तपासताना मी पट्टी लावून तीन वेळा अंक मोजले होते आणि त्या माणसाचा आनंद मला त्या अंकांतून जाणवत होता.

गणिताच्या वहीतलं दुसरं समीकरणही याकोबचंच. ते कोडं त्यानं १६९५ साली मांडलं. सोडवण्यात जर्मन गणिती लायब्निझ आणि धाकटा भाऊ योहान हेही होते.

योहानबद्दल लिहिताना माझा हात थोडा जड होतो. माणूस असामान्य होता. कलनशास्त्र, म्हणजे कॅल्क्युलस, युरोपभर पसरलं त्यात याचा वाटा फार मोठा. ऑयलर याचाच विद्यार्थी, शनिवारी दुपारी अडलेलं विचारायला जायचा. पण श्रेयाच्या बाबतीत योहाननं ना भावाला सोडलं ना मुलाला.

याकोब त्याच्याहून बारा वर्षांनी मोठा. योहान वैद्यकी शिकत असताना याकोबनंच त्याला घरी गणित शिकवलं. लायब्निझचा १६८४ सालचा नव्या कलनावरचा लेख दोघांनी मिळून फोडला. तो इतका अवघड होता की तेव्हा फार थोड्यांना समजला होता. मग १६९० साली याकोबनं एक कोडं छापलं: दोन खिळ्यांना टांगलेली साखळी लोंबते तिचा आकार कोणता? पुढच्या वर्षी तीन उत्तरं आली, लायब्निझचं, हॉयगेन्सचं आणि योहानचं. याकोबला ते सुटलं नव्हतं. याकोब जाऊन तेरा वर्षं झाल्यावरही, १७१८ साली, योहान एका पत्रात लिहितो की भावाला जमलं नाही, मला मात्र ते रात्रभर जागून सापडलं. तेरा वर्षांनी! ज्यानं हात धरून शिकवलं त्याच्याबद्दल.

मधली भांडणं तर छापून झाली. १६९६ साली योहाननं सगळ्या युरोपला आव्हान दिलं: वरच्या बिंदूपासून खालच्या, पण सरळ खाली नसलेल्या बिंदूपर्यंत मणी घरंगळत सगळ्यात लवकर पोचेल असा मार्ग कोणता? उत्तर आहे चक्रज, म्हणजे फिरत्या चाकाच्या कडेवरचा बिंदू हवेत जी कमान काढतो ती. न्यूटनला हे कोडं जानेवारी १६९७ मध्ये एका संध्याकाळी मिळालं आणि पहाटे चारपर्यंत सुटलं. योहानचं उत्तर फार देखणं आहे, त्यानं मण्याऐवजी प्रकाशाचा किरण धरला. याकोबचं उत्तर खडबडीत, पण पुढे त्यातूनच गणिताची एक अख्खी शाखा उभी राहिली. याकोबनं मग उलट कोडं टाकलं आणि ते सोडवताना योहान घसरला.

योहान १६९५ पासून हॉलंडमध्ये ग्रोनिंगेनला होता. १७०५ साली तो बाझेलकडे निघाला आणि वाटेत असतानाच याकोब वारल्याची बातमी कळली. खुर्ची त्यालाच मिळाली. पण याकोबचे कागद? ते योहानच्या हाती द्यायला याकोबच्या घरचे तयार नव्हते. पुस्तक आठ वर्षं रखडलं त्याचं हे एक कारण. शेवटी ते निघालं तेव्हा प्रस्तावना लिहिली ती चित्रकार भावाच्या मुलानं. त्याचंही नाव निकोलाउस.

आणि आता डॅनिएल. योहानचा मुलगा, जन्म १७०० साली ग्रोनिंगेनचा. त्याच्या 'हायड्रोडायनामिका'चं मुखपृष्ठ तुम्हाला कुठे चित्रात दिसलं तर नीट पाहा. डॅनिएल बर्नुली या नावापुढे दोन छोटे लॅटिन शब्द आहेत, 'योह. फिल.' म्हणजे योहानचा मुलगा. काही जण यात मुलाची नम्रता पाहतात. मला सूचीकाराच्या नजरेनं त्यात एक साधी सोयही दिसते: इतक्या बर्नुलींतला मी हा, चुकू नका. चार वर्षांपूर्वी, १७३४ साली, पॅरिसच्या अकादमीचं एक पारितोषिक बापलेकांना विभागून मिळालं होतं आणि मुलाला आपल्या बरोबरीला बसवलेलं वडिलांना सहन झालं नव्हतं. तरी त्यानं पुस्तकावर बापाचं नाव घातलं.

वडिलांनी काय केलं? १७४० नंतरच्या दोनतीन वर्षांत 'हायड्रॉलिका' नावाचं आपलं लिखाण छापलं आणि त्यावर साल घातलं १७३२. म्हणजे मुलाच्या पुस्तकाआधीची सहा वर्षं. डॅनिएलनं ऑयलरला लिहिलेल्या पत्रात ही जखम उघडी आहे. माझ्या पुस्तकातल्या एका अक्षरासाठीही मी वडिलांचा ऋणी नाही आणि दहा वर्षांच्या कष्टांचं फळ एका क्षणात गेलं, अशा अर्थाचं तो लिहितो. ते वाचून मी कार्ड उलटं ठेवलं होतं, थोडा वेळ पुढे काही लिहवलं नाही.

म्हणून माझी या नावाबाबत विनंती असते, प्रत्येक लेखकाला, प्रत्येक संपादकाला: नुसतं 'बर्नुली' लिहू नका. डॅनिएल लिहा. याकोब लिहा. नुसतं आडनाव लिहिलं की ज्याचं काम बापानं पळवलं तो मुलगा पुन्हा बापातच मिसळून जातो.

उरलेल्यांचं थोडक्यात. योहानचा थोरला मुलगा निकोलाउस १७२५ साली डॅनिएलबरोबर सेंट पीटर्सबर्गच्या नव्या अकादमीत गेला आणि पुढच्याच वर्षी आजारानं वारला. त्याच गावी पुढे १७८९ साली धाकटा याकोब, डॅनिएलचा पुतण्या, नेवा नदीत बुडाला. एकोणतीस वर्षांचा होता, ऑयलरच्या नातीशी लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते.

तंबोरा:

ताई, फार सुरेख लिहिलंत. माझा प्रांत संगीताचा, तिथे हाच घोळ उलट्या बाजूनं होतो. योहान श्ट्राउस नावाचे बाप आणि मुलगा, दोघं व्हिएन्नाचे, दोघं वॉल्ट्झ रचणारे. थोरला १८०४ ते १८४९, धाकटा १८२५ ते १८९९. 'निळी डॅन्यूब' हे धाकट्याचं. इथे बापाला मुलगा संगीतात यायलाच नको होता, त्याला बँकेत घालायचं होतं. आणि रिखार्ड श्ट्राउस, म्युनिकचा, १८६४ चा जन्म, याचं त्या घराण्याशी काही नातं नाही. तरी लोक तिघांना एका घरात बसवतात. तेव्हा आडनाव एक म्हणून घर एक असं दर वेळी धरू नये.

एक विचारायचं होतं. पुस्तकांत योहान पहिला, योहान दुसरा असे राजांसारखे क्रमांक असतात. ते क्रमांक ते स्वतः लावत होते का?

सूचीकार:

तंबोरा, नाही. ते क्रमांक नंतरच्या इतिहासकारांनी सोयीसाठी लावले. त्यामुळे ते वाचताना जपावं लागतं. 'निकोलाउस पहिला' हा वडील नाही आणि चित्रकार काकाही नाही. क्रमांक गणितींनाच दिलेत, म्हणून चित्रकाराचा मुलगा पहिला ठरतो. हा १६८७ ते १७५९, प्रस्तावना लिहिणारा तोच. सेंट पीटर्सबर्गचा म्हणून जो जुगाराचा विरोधाभास प्रसिद्ध आहे, तो मूळ यानं १७१३ साली एका पत्रात मांडला. डॅनिएलनं त्यावर पंचवीस वर्षांनी त्या अकादमीच्या नियतकालिकात लेख लिहिला आणि विरोधाभासाला गावाचं नाव चिकटलं. नाव चुलतभावाचं नाही, उत्तर देणाऱ्याचंही नाही, छापखान्याच्या गावाचं.

अशा घराण्यांत मला कासिनी आवडतात. पॅरिसच्या वेधशाळेत बाप, मुलगा, नातू, पणतू असे चौघं एकापाठोपाठ, पण नावाचा घोळ फक्त पहिल्या आणि चौथ्यापुरता, दोघंही जाँ-दोमिनिक. त्यांची कार्डं एका दुपारी झाली.

निळी शाई:

सूचीकार ताई, काय बोलू. दोनदा वाचलं, मग मुलीला वाचून दाखवलं. डॅनिएलचं ऐकून ती गप्प झाली. मग तिनं आपणहून विचारलं, की लोपितालचा नियम म्हणून आम्ही शिकतो, तोही बर्नुलीचाच असं सर एकदा म्हणाले होते, ते खरं का? आणि कोणता बर्नुली?

सूचीकार:

सर बरोबर म्हणाले. योहान पहिला. इथे मात्र तो ज्याच्यावर अन्याय झाला त्या बाजूला आहे, निदान अर्धा.

१६९१ च्या सुमारास तरुण योहान पॅरिसला गेला आणि लोपिताल या सरदाराला त्यानं नवं कलन शिकवलं. १६९४ साली लोपितालनं पत्रानं करार केला: वर्षाला तीनशे लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) देतो, तुम्हाला जे नवं सुचेल ते मला कळवा, दुसऱ्या कोणाला नको. योहानला पैशांची गरज होती, त्यानं मान्य केलं. दोन वर्षांनी लोपितालचं पुस्तक निघालं, कलनावरचं पहिलं पाठ्यपुस्तक. प्रस्तावनेत बर्नुलींचे आभार आहेत, पण मोघम. त्यातच शून्य भागिले शून्य आलं तर काय करायचं तो नियम. लोपिताल १७०४ साली वारल्यावर योहान सांगू लागला की हे माझं आहे. तोवर त्याचा भांडकुदळ स्वभाव सगळ्यांना माहीत झाला होता, लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही. त्याच्या त्या काळातल्या व्याख्यानांचं हस्तलिखित बाझेलला सापडून १९२२ साली छापलं गेलं आणि लोपितालशी झालेला पत्रव्यवहार १९५५ साली, तेव्हा कळलं की म्हातारा खरं बोलत होता.

अर्धवर्तुळ:

मी इतकी वर्षं हे समीकरण वापरतोय, 'योह. फिल.' कधी पाहिलं नव्हतं. आत्ता मुखपृष्ठाचं चित्र शोधून पाहिलं. खरंच आहे, नावाच्या लगेच पुढे.

याकोबच्या थडग्याबद्दल एक भर घालतो. बाझेलच्या मोठ्या चर्चच्या ओवरीत त्याची शिळा आहे. त्याला लॉगरिदमी सर्पिलाचं वेड होतं, ते कितीही मोठं करा, आकार तोच राहतो. ते शिळेवर कोरावं आणि खाली 'बदलूनही तशीच पुन्हा उभी राहते' या अर्थाचे लॅटिन शब्द असावेत अशी त्याची इच्छा होती. शब्द बरोबर कोरले गेले. सर्पिल मात्र पाथरवटानं आर्किमिडीजचं कोरलं, ज्याच्या वेटोळ्यांतलं अंतर सगळीकडे सारखं असतं.

सूचीकार:

हो, आणि मला त्या पाथरवटाचा राग येत नाही. त्याला कोणीतरी एक चित्र दिलं असेल आणि दोन सर्पिलं वेगळी असतात हे सांगितलं नसेल. माझ्या अकरा पृष्ठांकांचं तसंच झालं होतं.

निळी शाई:

काल रात्री मुलीच्या वह्या घेऊन बसले आणि पेन्सिलीनं समासात नावं लिहिली. द्रवांपुढे डॅनिएल, चाचणीपुढे याकोब, गणितातल्या समीकरणापुढे याकोब १६९५, लोपितालपुढे योहान. तिनं खोडली नाहीत. एक जागा राहिली, तुळईची. ऑयलर-बर्नुली यातला बर्नुली कोण?

सूचीकार:

डॅनिएल. तो आणि ऑयलर दोघं मित्र, पत्रांतून हा विषय पुढे नेला आणि ऑयलरनं १७४४ साली तो छापला. पण जागा असेल तर काका याकोबचंही नाव बाजूला लिहा. लवचीक पट्टी वाकवली की कोणता वक्र होतो, हे त्यानं पन्नास वर्षं आधी, १६९४ साली मांडलं होतं.